सीटवर टाकलेला रुमाल : परदेशातलं रेसिडन्स कार्ड आणि री-एंट्री म्हणजे नेमकं काय

माझी मावसबहीण मार्चमध्ये टोकियोहून डोंबिवलीला माहेरी आली, पहिलं बाळंतपण, सहावा संपत आला होता. जूनमध्ये मुलगी झाली. सगळं नीट पार पडलं आणि आता ऑगस्टमध्ये मी बाळाला बघायला गेलो, तर डिंकाचा लाडू हातात ठेवता ठेवता ती म्हणाली, "दादा, माझं परत जायचं मार्चपर्यंत चालतंय ना, एक वर्ष असतं ना ते?" मी म्हटलं कार्ड आण. पर्समधून तिने ते आणलं, आपल्या पॅनकार्डाएवढंच असतं, त्यावर स्वच्छ छापलेलं, मुक्काम १२ डिसेंबरपर्यंत. मार्च कुठे आणि डिसेंबर कुठे. मावशीने टीव्हीचा आवाज बंद केला.

माझं फोर्टात व्हिसाच्या कागदपत्रांचं टेबल आहे, त्यामुळे हे असले चेहरे मी बऱ्याचदा बघतो, फक्त ते घरातले नसतात. आणि गंमत म्हणजे हुशार, इंजिनीअर झालेली, दहा वेळा विमानाने फिरलेली माणसं इथेच गडबडतात, कारण तीन वेगवेगळ्या गोष्टींना आपण सरसकट "व्हिसा" म्हणतो. ते तिन्ही आधी सुटे करून सांगतो.

व्हिसा म्हणजे दारापर्यंत यायची परवानगी. जपानचा व्हिसा पासपोर्टवर चिकटतो, तो दाखवून तुम्ही नारिताला उतरता आणि तिथे त्याचं काम संपतं. तिथून पुढे चालतो तो तुमचा स्टेटस, म्हणजे तुम्ही तिथे कोण म्हणून राहताय, नोकरीवाला, विद्यार्थी, नोकरीवाल्याची बायको, आणि कधीपर्यंत. हा स्टेटस आणि त्याची तारीख ज्यावर छापलेली असते ते रेसिडन्स कार्ड, तिकडची आपली माणसं त्याला झाइर्यू कार्डच म्हणतात. आणि तिसरी गोष्ट री-एंट्री, म्हणजे देश सोडून बाहेर गेलात तरी तो स्टेटस जिवंत राहील याची परवानगी.

तिसरी गोष्ट मी लोकांना एसटीवरून सांगतो. तुम्ही गाडीत बसलात, जागा मिळाली, मध्ये स्टँडवर गाडी थांबली आणि तुम्हाला चहा प्यायला उतरायचंय. नुसतं उतरलात तर जागा गेली, कोणीतरी बसणार आणि भांडूनही काही मिळणार नाही. म्हणून आपण सीटवर रुमाल टाकतो. री-एंट्री म्हणजे तो रुमाल. कायदा असा की परदेशी माणूस री-एंट्रीशिवाय देशाबाहेर पडला की त्याचा स्टेटस त्याच क्षणी संपतो, मग कार्डावर पुढची पाच वर्षं छापलेली असोत नाहीतर तो कायमचा रहिवासी, म्हणजे पीआरवाला, असो. लोकांना हे खरंच वाटत नाही. "पण माझं पीआर आहे हो!" असेल, पण रुमाल टाकला नाहीत.

जपानमध्ये हे रुमाल दोन प्रकारचे आहेत. पूर्वी एकच होता, आणि दर वेळी देश सोडायच्या आधी इमिग्रेशन ऑफिसात जाऊन तो घ्यावाच लागायचा, चार दिवस बँकॉकला जायचं असलं तरी. तेव्हा कार्डही वेगळं होतं, ते तिथल्या पालिका द्यायच्या. ९ जुलै २०१२ ला सगळी पद्धत बदलली, आत्ताचं रेसिडन्स कार्ड आलं, एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांचा मिळणारा मुक्काम पाच वर्षांपर्यंत वाढला, आणि त्याच दिवसापासून ही स्पेशल री-एंट्री नावाची सोय सुरू झाली.

स्पेशल री-एंट्री फुकट आहे, ऑफिसात जायचं नाही, अर्ज नाही. वैध पासपोर्ट आणि वैध कार्ड असलं की निघताना एअरपोर्टवर एक छोटी चिठ्ठी भरायची, त्यात एक चौकोन असतो, मी तात्पुरता बाहेर चाललोय आणि परत येणार आहे अशा अर्थाचा, त्यावर टिक करायची, काउंटरवर कार्ड दाखवायचं. झालं. आता एवढीशी टिक, पण सगळा खेळ तिच्यावर. मध्यरात्रीचं फ्लाइट, कडेवर पोर, हातात तीन बॅगा, आणि मागची रांग सुस्कारे सोडतेय, अशात माणूस नाव आणि फ्लाइट नंबर भरतो आणि चौकोन राहून जातो. काउंटरवरचा माणूस बहुतेक वेळा विचारतो. पण आपण त्याच्या विचारण्यावर कशाला अवलंबून राहायचं, आपणच काउंटरवर "री-एंट्री" एवढा एक शब्द बोलायचा आणि शिक्का मारून पासपोर्ट हातात आला की तिथेच उभं राहून बघायचा. मागचा सुस्कारे सोडू दे.

आणि जो कायमचा निघालाय त्याचं कार्ड तिथेच परत घेतात, किंवा त्याला भोक पाडून देतात, आठवण म्हणून. माझ्याकडे एकदा एकजण आला होता ते भोकवालं कार्ड घेऊन, म्हणे यावर अजून दीड वर्ष आहे, तिकीट काढू का. काय बोलणार!

तर ही स्पेशल री-एंट्री एक वर्षाची. आणि इथेच माझ्या बहिणीची चूक झाली, तिची एकटीची नाही, निम्म्या लोकांची होते. एक वर्ष किंवा स्टेटसची तारीख, यातलं जे आधी येईल ते. रुमाल टाकला म्हणून तुमचं तिकीट पुढच्या गावापर्यंत वाढत नाही ना, तसंच. तिचा स्टेटस १२ डिसेंबरला संपतो म्हणजे रुमालही त्याच दिवशी संपला. आणि ही मुदत जपानच्या बाहेरून वाढवून मिळत नाही, कितीही खरं कारण असलं तरी. आई आयसीयूमध्ये असली तरी नाही.

दुसरा रुमाल पक्का, रेग्युलर री-एंट्री परमिट. हा निघायच्या आधी इमिग्रेशन ऑफिसातून घ्यायचा, टोकियोवाल्यांसाठी ते शिनागावाचं ऑफिस, ज्याच्या रांगेबद्दल तिथला कुठलाही भारतीय माणूस तुम्हाला अर्धा तास ऐकवेल. एकदाच वापरायचा असेल तर ४,००० येन, कितीही वेळा ये-जा करायची असेल तर ७,००० येन, ऑनलाइन केलं तर ५०० येन कमी, हे दर एप्रिल २०२५ पासूनचे, त्याआधी ३,००० आणि ६,००० होते. पैसे काउंटरवर नाही भरायचे, आपल्याकडच्या रेव्हेन्यू स्टॅम्पसारखी तिकिटं विकत घेऊन कागदावर चिकटवून द्यायची. परमिट जास्तीत जास्त पाच वर्षांचं मिळतं, पण परत तेच, स्टेटसच्या तारखेच्या पुढे एक दिवसही नाही. म्हणजे खरा फायदा कोणाला, तर ज्याच्याकडे लांबचा स्टेटस आहे आणि ज्याला वर्षापेक्षा जास्त बाहेर राहायचंय त्याला, मुख्यतः पीआरवाल्यांना. आणि एक मोठी गोष्ट, हे परमिट गरज पडली तर बाहेरून वाढवता येतं. आजारपणासारखं पटणारं कारण असेल तर त्या देशातल्या जपानी वकिलातीत अर्ज करायचा, मुंबईकरांसाठी ती कंबाला हिलला, जास्तीत जास्त एक वर्ष वाढतं, आणि एकूण सहा वर्षांच्या वर नाही.

म्हणून माझं सरळ मत, आई-वडिलांच्या आजारपणासाठी येत असाल आणि किती दिवस लागतील ते माहीत नसेल, तर ७,००० येनकडे बघू नका. ते आजच्या हिशोबाने चार-पाच हजार रुपये होतात, एवढे तर एअरपोर्टवर चॉकलेटांवर जातात.

पण बहिणीच्या केसमध्ये पक्का रुमालही उपयोगाचा नव्हता, कारण स्टेटसच डिसेंबरला संपतोय. तिने करायला हवं होतं ते वेगळंच. स्टेटस वाढवायचा अर्ज मुदत संपायच्या तीन महिने आधीपासून घेतात, म्हणजे तिच्यासाठी १२ सप्टेंबरपासून, आणि अर्ज करणारा माणूस जपानमध्ये हजर पाहिजे, नवऱ्याने इकडून कागद मागवून तिकडे भरले असं चालत नाही. आता मार्चमध्ये निघताना डिसेंबरच्या मुदतीचा अर्ज कसा करणार? तर नियमातच एक फट ठेवलीय, हॉस्पिटलात भरती होणं, लांबचा कामाचा दौरा अशी खास कारणं असतील तर तीन महिन्यांच्या आधीही अर्ज घेऊ शकतात. घेतीलच असं नाही, पण डॉक्टरची चिठ्ठी आणि तिकीट घेऊन विचारायला काय जात होतं? पण तिला सांगणार कोण, ती मैत्रिणींना विचारत होती आणि मैत्रिणी सांगत होत्या एक वर्ष चालतं.

बरं, ती एकटी असती तर मी म्हटलं असतं, ऑक्टोबरमध्ये जा, अर्ज कर, संपला विषय. पण आता मांडीवर दोन महिन्यांची मुलगी आहे, आणि जपानच्या हिशोबाने त्या मुलीचा अजून कुठलाच स्टेटस नाही. तिकडे जन्मली असती तर १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात जन्माची नोंद, ३० दिवसांत इमिग्रेशनकडे स्टेटसचा अर्ज, झालं असतं. (वॉर्ड ऑफिस म्हटल्यावर लगेच आपलं डोळ्यासमोर आणू नका, तिकडे टोकन घेऊन बसायला खुर्ची मिळते.) इकडे जन्मली म्हणजे ती भारतातून पहिल्यांदा जपानला जाणारी एक नवीन माणूस. तिला आधी सीओई पाहिजे, म्हणजे जपानच्या इमिग्रेशनने दिलेलं पात्रतेचं सर्टिफिकेट, त्यासाठी तिच्या बापाने टोकियोत अर्ज करायचा, आपल्या नोकरीचे आणि टॅक्सचे कागद जोडून, त्याला साधारण एक ते तीन महिने लागतात. सीओई आलं की त्यावर इथून व्हिसा. आणि सीओई दिल्याच्या तारखेपासून तीन महिन्यांत जपानमध्ये पाय ठेवायचा, नाहीतर ते रद्दी. एक बरंय, मार्च २०२३ पासून सीओई ईमेलवर मिळू शकतं, आधी कुरिअरची वाट बघत लोक दाराकडे कान लावून बसायचे.

आता हिशोब मांडा. ऑगस्ट चालू आहे, सीओईला तीन महिने धरले तर नोव्हेंबर, मग व्हिसा, मग तिकीट, आणि १२ डिसेंबरच्या आत आईने परत पोचलंच पाहिजे. आणि सीओईच्या अर्जाला लागतो जन्मदाखला, तो नावासकट. आणि नाव ठेवलेलंच नव्हतं! आत्या ऑफिसच्या सुट्टीमुळे गणपतीत येणार, मग बारसं, मग नाव, असा सगळ्यांचा निवांत बेत चालला होता. मी मावशीला म्हटलं, मावशी, बारसं रविवारी. मावशी म्हणाली, असं कसं, आत्याशिवाय? तेवढ्यात बहिणीने फोन लावला आणि आत्याने फोनवरच नाव सांगितलं, पाळण्यात मोबाइल ठेवून स्पीकरवर कुर्रर्र झालं. समारंभ गणपतीत करा म्हटलं, दाखल्यावर नाव सोमवारी पाहिजे.

कोणी विचारेल, आईने एकटीने जाऊन अर्ज करून यावं, तेवढे दिवस मुलगी आजीकडे. कायद्याने चालेल, पण दोन महिन्यांचं अंगावर पिणारं बाळ आहे, हे नियम करणाऱ्याला सांगायला सोपं आहे. आणि १२ डिसेंबर चुकलाच तर? आकाश कोसळत नाही. स्टेटस गेला की तिनेही मुलीसारखं नव्याने सीओई काढून नवीन माणूस म्हणून जायचं. पण सलग राहण्याची वर्षं तिथे तुटतात, आणि पीआरसाठी साधारणपणे दहा वर्षांचा सलग मुक्काम बघतात, तिची सहा झालीत, ती परत शून्यावर. म्हणून धावपळ.

जपानचं एवढं सांगितलं कारण घरातलं होतं, पण माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त येतात ते अमेरिकेतल्या मुलांचे आई-बाबा. मुलाने ग्रीन कार्ड काढून दिलेलं असतं, आणि यांचं गणित ठरलेलं, सहा महिने तिकडे, सहा महिने दादरला. सहा महिन्यांच्या आत परत गेलात तर सहसा फार विचारत नाहीत. सहा महिने उलटले की अधिकारी खोदून विचारू शकतो, घर कुठे, टॅक्स भरता का, राहता नक्की कुठे. आणि सलग एक वर्ष किंवा त्याहून जास्त बाहेर राहिलात तर नुसतं ग्रीन कार्ड परत यायला चालत नाही, री-एंट्री परमिट लागतं. त्याचा फॉर्म आय-१३१, आणि तो भरताना माणूस अमेरिकेत हजर असायलाच हवा, इकडे येऊन गुडघ्याचं ऑपरेशन लांबलं म्हणून दादरहून भरता येत नाही. बोटांचे ठसेही तिकडेच द्यायचे, तयार झालेलं परमिट मात्र इकडच्या वकिलातीत पाठवायला सांगता येतं. साधारण दोन वर्षांचं मिळतं. ते असलं तरी आत घ्यायचं का नाही हे शेवटी काउंटरवरचा अधिकारीच ठरवतो, आणि सिटिझनशिपसाठी जी सलग वर्षं मोजतात त्यात या परमिटने काही वाचत नाही. परमिट न काढता वर्ष उलटलंच, आणि कारण खरोखर हाताबाहेरचं होतं, तर वकिलातीत रिटर्निंग रेसिडेंट म्हणून एसबी-१ व्हिसा मागता येतो, पण तिथे पुरावे लागतात, हॉस्पिटलचे कागद, तिकडचं घर, बँक, सगळं.

आणि एक सांगून ठेवतो. तिकडच्या एअरपोर्टवर ज्येष्ठ माणसांसमोर कधी कधी आय-४०७ नावाचा फॉर्म येतो, त्याचा अर्थ मी माझं ग्रीन कार्ड आपणहून सोडतोय. सतरा-अठरा तासांच्या प्रवासाने शिणलेले आजी-आजोबा वाचत नाहीत, सही करून मोकळे होतात. ती सही करायची सक्ती नाही. नाही म्हणायचं आणि इमिग्रेशन जजसमोर बाजू मांडायची मागणी करायची, हा त्यांचा हक्क आहे. प्रवासाला निघण्याआधी एवढं एक वाक्य त्यांच्याकडून घोकून घ्या.

आखातातलं गणित वेगळं, आणि आपली कोकणातली माणसं ते तोंडपाठ सांगतात. दुबईत, म्हणजे यूएईत, सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात की साधा रेसिडन्स व्हिसा आपोआप बाद धरतात, गोल्डन व्हिसावाल्यांना ही अट नाही. सौदीत तर बाहेर पडायलाच परवानगी लागते, एक्झिट री-एंट्री. दोन महिन्यांच्या एका फेरीचे २०० रियाल, पुढच्या प्रत्येक महिन्याला १०० जास्त. तिथे आधी सगळं कफीलच्या, म्हणजे नोकरीवर ठेवणाऱ्या मालकाच्या, हातात असायचं, २०२१ च्या सुधारणांनंतर बऱ्याच कामगारांना स्वतः ऑनलाइन अर्ज करता येतो. तिथे बघायचं एकच, कागदावर "एक्झिट री-एंट्री" लिहिलंय का "फायनल एक्झिट". दुसरं असेल तर रुमाल नाही, सामान बांधूनच निघा.

आता रुमालावर फार विश्वास ठेवणाऱ्यांसाठी २०२० ची आठवण. कोविडमध्ये जपानने एप्रिलच्या सुरुवातीपासून बंदी घातलेल्या देशांतून येणाऱ्यांना थांबवलं, त्यात वैध कार्ड, वैध री-एंट्री असलेले रहिवासीही आले, पीआरवालेसुद्धा. मे महिन्याच्या शेवटी त्या यादीत भारत आला. घर, नोकरी, भाड्याचा करार तिकडे आणि माणूस इकडे गावात अडकलेला, दरवाजे हळूहळू उघडत सप्टेंबर उजाडला. जपानी नागरिक मात्र त्या सगळ्या काळात आत जाऊ शकत होते. री-एंट्रीने तुमची जागा धरून ठेवली जाते, गाडीचं दारच बंद झालं तर रुमाल काय करणार.

किरकोळ पण विचारतात म्हणून दोन गोष्टी. कार्ड इकडे मुंबईत हरवलं तर? इथल्या पोलिसांत तक्रार करून त्याचा कागद घ्या, निघण्याआधी वकिलातीत आणि एअरलाइनला विचारून घ्या, आणि जपानला परत पोचल्यावर १४ दिवसांत नवीन कार्डासाठी अर्ज करा. पासपोर्ट इथे रिन्यू केला तर जुना फेकू नका, शिक्के आणि परमिट त्यातच आहेत, दोन्ही एकत्र घेऊन जा.

मुलीच्या पासपोर्टचा फोटो काढायला परवा आम्ही स्टेशनजवळच्या स्टुडिओत गेलो होतो. पांढरी चादर, वर बाळ, डोळे उघडे पाहिजेत, तोंड बंद, कान दिसले पाहिजेत, कोणाचा हात दिसायला नको. मावशी खुळखुळा वाजवतेय, फोटोवाला खुर्चीवर चढून वरून क्लिक करतोय, आणि ती दर वेळी नेमकी जांभई देतेय. चाळीस मिनिटं गेली. घरी येताना रिक्षात बहिणीने विचारलं, "दादा, हाच फोटो तिच्या जपानच्या कार्डावर येईल ना?" मी म्हटलं नाही गं, नारिताला उतरल्यावर तिचं कार्ड तिथेच हातात देतील, पण एवढ्या लहान बाळाच्या कार्डावर फोटो नसतोच.